माळ्यावरचा जुना राउटर पाड्यावर चालेल का? पवईच्या आयआयटीने पालघरमध्ये करून दाखवलं ते काय, आणि घरी करताना काय सांभाळायचं

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली... आपल्या गावातल्या प्रत्येक वाडीचं कुणी ना कुणी तिकडे राहतं. त्यांच्या घरी माळ्यावर एक पिशवी हमखास सापडते. तिच्यात जुने चार्जर, तुटलेला रिमोट, कसल्या कसल्या वायरी आणि दोन अँटेना असलेला एखादा राउटर असतो. घरात फायबर आलं, कंपनीने नवा डबा बसवला, जुना चालू असूनही पिशवीत गेला. भंगारवाला त्याचे दहा-वीस रुपये देतो. गणपतीला गावी येताना पाहुणे सगळं आणतात, हा डबा मात्र कुणी आणत नाही.

गेल्या वर्षी बोरिवलीच्या मावसभावाकडून मी असा एक डबा आणला. गाव डोंगराच्या कुशीत, ग्रामपंचायतीपर्यंत केबल आलेली, पण आमची वाडी तिथून सव्वा किलोमीटरवर आणि मोबाइलची रेंज फक्त टाकीच्या चढावर. ऑनलाइन फॉर्म भरायचा म्हटलं की पोरं संध्याकाळी टाकीवर जाऊन बसतात. या डब्याने ते काम होईल का, एवढाच प्रश्न होता. उत्तर शोधता शोधता कळलं की हाच प्रश्न पवईच्या आयआयटीतल्या लोकांनी आपल्या शेजारच्या पालघर तालुक्यात बराच आधी हातात घेतला होता.

डब्यात आहे तरी काय

राउटर उघडून पाहिला तर आत एक छोटा संगणकच दिसतो. प्रोसेसर आहे, मेमरी आहे, सॉफ्टवेअर ठेवायची एक चिप आहे, शिवाय वायफायचा रेडिओ. नाही ते फक्त स्क्रीन आणि कीबोर्ड. चालवणारं सॉफ्टवेअरही बहुतेक वेळा लिनक्सच असतं, फक्त कंपनीने त्याला ठरावीक चार-पाच कामांपुरतं बांधून ठेवलेलं असतं. या आतल्या सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात.

हे लोकांना कळलं त्याची गोष्ट गमतीची आहे. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. २००३ च्या मध्यात काही जाणकारांच्या लक्षात आलं की या राउटरमध्ये लिनक्स आहे. लिनक्सचा परवाना असा आहे की ते वापरून वस्तू विकली तर ग्राहकाला मूळ कोडही द्यावा लागतो. कंपनीने तो दिला नव्हता. ओरड झाली, कोड बाहेर आला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे फुकटचं, सगळ्यांना बदलता येणारं फर्मवेअर सुरू झालं. आज ते शेकडो प्रकारच्या राउटरवर चालतं.

भारतात त्याचा उपयोग लगेच झाला. जानेवारी २००५ मध्ये केंद्राने २.४ गिगाहर्ट्झची वायफाय लहर घराबाहेरही विनापरवाना वापरायला मोकळी केली. त्याच वर्षी हिमाचलात धरमशाळेला अशाच फर्मवेअर बदललेल्या राउटरवर डोंगरातल्या वस्त्यांना जोडणारं जाळं उभं राहिलं. पुढे ते एअरजल्दी नावाने ओळखलं जाऊ लागलं.

कंपनीचं सॉफ्टवेअर आडवं कुठे येतं

आता कुणी विचारेल, आहे तोच राउटर मोठ्या अँटेनाने लांब का पोचत नाही? अँटेना हवीच, पण घोडं दुसरीकडेही अडतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारली की आपण 'ओ' ऐकू यायची वाट बघतो. नाही आली तर पुन्हा हाक मारतो. वायफाय नेमकं तेच करतं. एक पुडकं पाठवलं की समोरून 'मिळालं' असा छोटा निरोप यायची ठरावीक वेळ वाट बघायची, नाही आला तर पुडकं हरवलं समजून पुन्हा पाठवायचं. रेडिओची लहर एक किलोमीटर जायला साधारण ३.३ मायक्रोसेकंद घेते. जाऊन येऊन ६.७. म्हणजे ५ किलोमीटरवरच्या राउटरचा 'ओ' नुसत्या अंतरामुळे ३३ मायक्रोसेकंद उशिरा येतो. आपल्याला हा वेळ काहीच वाटत नाही. पण घरातल्या चार खोल्यांसाठी बनवलेला राउटर एवढं थांबत नाही. 'ओ' वाटेत असतानाच तो पुन्हा हाक मारतो, दोघांचा आवाज एकमेकांत मिसळतो आणि सिग्नल पूर्ण दिसत असूनही नेट रांगतं.

ओपनडब्ल्यूआरटीमध्ये अंतर किती मीटर आहे ते लिहायची सोय आहे. आकडा टाकला की राउटर तेवढा वेळ थांबतो. (काही चिपांवर ही सोय चालत नाही, ते आधी बघून घ्यावं.) आयआयटी कानपूरच्या 'डिजिटल गँजेटिक प्लेन्स' या प्रकल्पात साध्या वायफायच्या उपकरणांनी, उंच मनोरे आणि डिश अँटेना लावून, तीसहून जास्त किलोमीटर अंतर जोडलं होतं. त्या कामातले प्राध्यापक भास्करन रामन पुढे पवईला आयआयटी मुंबईत आले.

पवई ते खामलोली

पवईत प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राममार्ग' नावाचं काम हाती घेतलं. त्यांचा मुद्दा आपल्याला पटेल असाच होता. सरकारची फायबर केबल ग्रामपंचायतीपर्यंत येणार. पण आपल्याकडे ग्रामपंचायत म्हणजे काही एक गाव नव्हे. तिच्याखाली पाच-सहा पाडे, कुणी एक किलोमीटरवर, कुणी चार. पंचायतीच्या कपाटातली केबल आणि पाड्यावरचा मोबाइल यांच्या मधला तुकडा कोण जोडणार?

त्यांनी जागा निवडली पालघर तालुक्यातली: खामलोली, जांभळांची बहाडोली आणि आजूबाजूची गावं-पाडे. टेकड्या, साग, आंबा, मधे नदी. साधं वायफाय अशा ठिकाणी पानांत अडकतं. म्हणून त्यांनी टीव्हीच्या लहरींचा रस्ता पकडला. दूरदर्शन घरावरच्या अँटेनाने दिसायचं तो हा पट्टा. आपल्या देशात जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपण एकटं दूरदर्शन करतं, त्यामुळे हा पट्टा बहुतेक रिकामा पडून असतो. आयआयटी मुंबईच्याच गटाने २०१४ मध्ये हिशोब प्रसिद्ध केला: ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या १५ वाहिन्यांपैकी निदान १२ देशात कुठेही मोकळ्या सापडतात. ही लहर लांब असते, झाडाझुडपातून वायफायपेक्षा बरीच सहज पार होते.

आणि या लहरीवर बोलणारं उपकरण त्यांनी कसं बनवलं? स्वस्त वायफायचं हार्डवेअर आणि ओपनडब्ल्यूआरटी घेऊन, वायफायचा सिग्नल खाली टीव्हीच्या पट्ट्यात उतरवून. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर हौशी पोरं घरी खेळतात त्याच सॉफ्टवेअरवर. सुमारे २५ चौरस किलोमीटरच्या परिसरात हे चाचणीचं जाळं चाललं. टीव्हीच्या लहरीने पाड्यापर्यंत आणायचं, पाड्यावर साधा वायफाय राउटर लावायचा आणि लोकांनी मोबाइल जोडायचा.

मार्च २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या 'इक्वल रेटिंग' स्पर्धेत ग्राममार्गला पहिलं, १,२५,००० डॉलरचं बक्षीस मिळालं. या कामाचं नेतृत्व करणाऱ्यांमध्ये डॉ. शर्वाणी बॅनर्जी बेलूर होत्या. पैशापेक्षा मला त्यांचा दुसरा विचार महत्त्वाचा वाटतो. यंत्र बसवून निघून गेलं की ते सहा महिन्यांत बंद पडतं, हे आपण सौर दिव्यांच्या बाबतीत पाहिलंय. म्हणून त्यांनी पंचायतीलाच भागीदार धरलं, गावातल्याच एखाद्या तरुणाला चालवायला शिकवलं, आणि येणाऱ्या पैशात वाटा ठेवला.

टीव्हीची लहर मात्र सर्वांसाठी मोकळी झाली नाही. ती चाचणीच्या परवान्यावरच राहिली. पुढे जास्त गावांपर्यंत जाताना या मंडळींनी ५ गिगाहर्ट्झचं विनापरवाना वायफाय वापरलं. तेव्हा तुम्ही-आम्ही घरी करायचं ते २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झमध्येच. टीव्हीच्या पट्ट्याला हात लावायचा नाही.

आता आपल्या डब्याकडे

आधी डबा उलटा करा. खाली मॉडेलचं नाव आणि त्याच्या पुढे व्हर्जन लिहिलेली असते. व्हर्जन फार महत्त्वाची. एकाच नावाच्या राउटरच्या दोन व्हर्जनमध्ये आतल्या चिपा वेगळ्या असू शकतात आणि चुकीचं फर्मवेअर घातलं की डबा गेला. ओपनडब्ल्यूआरटीच्या वेबसाइटवर उपकरणांची मोठी यादी आहे, त्यात नाव आणि व्हर्जन दोन्ही जुळवा. सॉफ्टवेअर ठेवायची चिप निदान ८ एमबी आणि मेमरी निदान ६४ एमबी हवी. नवा घेणार असाल तर १६ आणि १२८ पासून पुढेच घ्या. जुने स्वस्त राउटर पुष्कळदा ४ आणि ३२ वाले असतात. त्यांच्यासाठी नवीन आवृत्त्या येणं बंद झालंय.

फायबर कंपनीने दिलेला डबा, ज्यात काचेची बारीक केबल जाते, त्याच्या नादी लागू नका. तो बऱ्याचदा कंपनीच्या मालकीचा असतो, आणि यादीतही सहसा नसतो.

४ आणि ३२ वाला निघाला म्हणून फेकायचा का? नाही. फर्मवेअर न बदलताही त्याचं एक काम होतं. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करा, त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा, आणि लॅनच्या भोकातून लॅनच्याच भोकात केबल जोडा. झाला मागच्या पडवीतला दुसरा वायफाय. केबल १०० मीटरपर्यंत चालते. शाळेच्या दोन खोल्यांना एवढं पुरतं. घरातल्या घरात तांब्याची केबल ठीक, पण एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून नेऊ नका. मृगाच्या आधीच्या विजांनी दोन्हीकडचे डबे एका रात्रीत जातात.

यादीत सापडला तर पुढची पायरी. लॅपटॉप असेल तर उत्तम. नसेल तर लॅनची केबल मोबाइलला जोडणारा ओटीजी अ‍ॅडॅप्टर मिळतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो चालतो. केबल लागतेच, कारण ओपनडब्ल्यूआरटी पहिल्यांदा चालू होतं तेव्हा वायफाय बंद असतं आणि पासवर्डही नसतो. पुष्कळ जण इथेच घाबरतात, की डबा मेला. मेलेला नसतो. केबल लावून मोबाइलच्या ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडायचं, सगळ्यात आधी पासवर्ड ठेवायचा, मग वायफाय चालू करून देश म्हणून भारत निवडायचा.

माझी चूक सांगतो म्हणजे तुमची टळेल. फाइल चढवायला घेतली संध्याकाळी सात वाजता. आमच्याकडे सातला काय होतं ते वेगळं सांगायला नको. पंखा थांबला, दिवा गेला, आणि राउटरमध्ये अर्धं जुनं, अर्धं नवं. नंतर लाइट आल्यावर एकच दिवा लुकलुकत राहिला. दोन दिवस मी त्याच्याकडे बघत बसलो. मग कळलं की बऱ्याच राउटरमध्ये सॉफ्टवेअर सुरू व्हायच्या आधीचा एक छोटा तुकडा वेगळा असतो, आणि तो शाबूत असला तर मागचं बटण दाबून धरून चालू केल्यावर तो केबलवरून नवी फाइल मागून घेतो. याला टीएफटीपी म्हणतात. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. तुम्ही मात्र सकाळी करा, आणि राउटर बॅटरीवर ठेवून करा.

बॅटरीचा हिशोबही सांगून टाकतो, कारण गावात राउटर बंद पडतो तो बहुतेक विजेपायी. साधा राउटर ५-६ वॅट खातो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-अवर. अर्धीच वापरायची म्हटली तरी सात-साडेसात तास निघतात. पण अ‍ॅडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचा. ९ व्होल्टचा राउटर १२ च्या बॅटरीला थेट लावला की धूर निघू शकतो. आणि १२ चा असला तरी चार्जिंगला लागलेली बॅटरी १४ च्या वर जाते. मधे व्होल्टेज कायम ठेवणारी छोटी सर्किट पट्टी लावा, किंवा राउटरसाठीचा तयार छोटा यूपीएस घ्या. प्लस-मायनस उलटं झालं तर मात्र मी काही सांगू शकत नाही.

मधलं झाड

वाडी ते पंचायत हे सव्वा किलोमीटर मी दोन राउटर आणि तोंड एका दिशेला असलेल्या दोन बाहेरच्या अँटेनांनी जोडायचं ठरवलं. पौष महिन्यात जोडलं, झकास चाललं. आषाढात बंद. मधल्या सागाला पानं आली होती.

नुसतं समोरचं दिसलं म्हणजे झालं असं नाही. लहरीला मधोमध फुगवटा लागतो. १ किलोमीटर अंतर असेल तर २.४ गिगाहर्ट्झला मध्यावर सगळ्या बाजूंनी साडेपाच मीटरच्या आसपास जागा मोकळी हवी, ३ किलोमीटरला जवळजवळ दहा मीटर. थोडी कमी असली तरी चालतं, पण ओली पानं मधे आली की संपलं. आम्ही शाळेच्या छपरावरून अँटेना उचलून पाण्याच्या टाकीवर नेली. त्यासाठी पंचायतीचं पत्र घेतलं. साग तोडा असं सांगणारेही भेटले.

नेट नसलं तरी चालणारा भाग

राउटरसोबत ऐकू येणारं दुसरं नाव रास्पबेरी पाय. हातात मावणारा उघडा संगणक, २०१२ मध्ये ३५ डॉलरला आला. आता मेमरीप्रमाणे किमती बऱ्याच वर गेल्यात, म्हणून नवा घ्यायच्या आधी घरात पडलेला जुना लॅपटॉप बघा. काम तेच होतं, वर त्याची स्वतःची बॅटरी असते.

याच्यावर किविक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं की अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो. मग राउटरला इंटरनेट नसलं तरी शाळेतली पोरं वायफायला जोडून आपापल्या मोबाइलवर तो वाचतात. पाठाचे व्हिडिओ, पंचायतीची परिपत्रकं, बियाण्यांची माहिती, जे हवं ते त्यात ठेवा. डेटा पॅक लागत नाही. पायवर मेमरी कार्ड असतं आणि सारखी वीज गेली की ते खराब होतं, म्हणून त्यातल्या सगळ्याची एक नक्कल पेन ड्राइव्हवर ठेवायची.

माझ्या मते वाडीसाठी पहिली सुरुवात इथून करावी. यात मनोरा नाही, झाड नाही, महिन्याचं बिल नाही.

कायदा कुठे लागतो

कंपनीच्या फर्मवेअरचा लगाम काढला तरी सरकारचा तिथेच असतो. २.४ गिगाहर्ट्झला रेडिओची ताकद जास्तीत जास्त १ वॅट आणि अँटेनासकट धरून ४ वॅट, ही २००५ पासूनची मर्यादा. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने मोकळा झाला, त्यालाही मर्यादा आहेत. देश म्हणून भारत निवडायला सांगितलं ते याचसाठी. दुसऱ्या देशाचं नाव टाकून ताकद वाढवायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका.

दुसरं म्हणजे, आपल्या घरचं कनेक्शन शेजारच्या दहा घरांना पैसे घेऊन देणं. तसं थेट करता येत नाही. त्याला रस्ता आहे, पीएम-वाणी योजनेचा, जिला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली. तिच्यात किराणा दुकानदार किंवा चहावालाही सार्वजनिक वायफाय चालवू शकतो, त्याला स्वतःला परवाना, नोंदणी किंवा फी लागत नाही. एका नोंदणीकृत एजन्सीमार्फत मात्र जावं लागतं, कोण जोडलं त्याची नोंद तीच ठेवते. फुकट देत असाल तरी पासवर्ड ठेवा. तुमच्या कनेक्शनवरून कुणी फसवणुकीचा मेसेज पाठवला तर चौकशी आधी तुमच्याच दारात येईल.

आमच्या वाडीचं सध्या असं आहे. टाकीवरची अँटेना चालू आहे, पावसाळ्यात वेग निम्मा होतो. शाळेतल्या जुन्या लॅपटॉपवर विकिपीडिया आहे. सातवीतल्या दोन मुली आता स्वतः राउटरच्या पानावर जाऊन किती जण जोडलेत ते बघतात आणि कुणी गाणी उतरवतंय ते ओळखून वर्गात नाव सांगतात. बोरिवलीच्या भावाचा डबा आहे तो टाकीवरचा. त्याच्या सोसायटीतून आणखी तीन मिळालेत, त्यातला एक ४ आणि ३२ वाला, तो पडवीत लावलाय. दुसऱ्याची व्हर्जन यादीत नाही. तिसऱ्याचं लेबल पुसलंय, तो उघडून चिपांवरचे नंबर वाचायचेत.